उस्मानभाईची मूठ

उस्मानभाईनं सख्खा भाचा विकला, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवाही फिरलं. मंगरूळच्या उरुसात मी चहाच्या हॉटेलात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक पोरगेलासा माणूस आपल्या पाहुण्यांना कुस्त्यांचे जुने किस्से ऐकवत होता. ऐकवता ऐकवता म्हणाला, "अन् मंग तो लंबा दलाल भर आखाड्यात घुसला, रुमालाखाली सौदा केला अन् पोट्ट्याले घेऊन चालता झाला. समोरच्या पार्टीनं पैसे चारले होते त्याले." हा सांगणारा त्या दिवशी आईच्या कडेवर असेल. मी कप असा आपटला की त्याचा कान तेवढा माझ्या बोटात राहिला. हॉटेलवाल्यानं कपाची भरपाई मागितली. त्यातही मी घासाघीस केली, कारण रागात असलो तरी मी दलाल आहे.

इतकी वर्षं मी गप्प होतो, कारण उस्मानभाईनंच माझं तोंड बांधून ठेवलं होतं. आता त्या भाच्याच्या, म्हणजे बशीरच्या, सगळ्या बहिणी नांदायला गेल्या. त्यांची लेकरं दारात खेळू लागली. खुद्द बशीरच मला म्हणाला, "सखारामभाऊ, मामूचं जे खरं हाये ते आता लिहून टाका." म्हणून लिहितो. ज्यांना झोंबेल त्यांना झोंबू द्या.

शेख उस्मान मंगरूळच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचा, आणि मीही. त्याचा बाप याच धंद्यात होता. मी मात्र माळ्याचा. डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन बाजारात आलो आणि निव्वळ तोंडाच्या जोरावर बैलांपर्यंत पोचलो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगायचा नसतो. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. किती बोटं धरली, कोणत्या पेरावर दाबलं, यावरून आकडा कळतो. सौदा पटला की समोरच्याच्या तळहातात आपली पूर्ण मूठ द्यायची. भोवती शंभर माणसं उभी असोत, रुमालाखाली काय झालं हे त्या दोघांनाच ठाऊक.

असे किती हात मी धरले असतील! भेगाळलेले, मऊ, घामेजलेले, थरथरणारे. पण उस्मानभाईचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मी चपापलो. त्याचं बोट संपेचना. पेर मोजायला गेलो तर माझाच हिशेब चुकला. तो हसला आणि म्हणाला, "घाबरू नको सखाराम. बोटं पाचच हायेत. अल्लानं जरा लंबी दिली, एवढंच."

बोटंच नव्हे, सगळाच माणूस लांब होता. बैलांच्या गर्दीत शिंगांच्या वर त्याची टोपी दिसायची. उभा राहिला की हात गुडघ्याला लागायचे. अंगावर मांस नाही, आणि छातीच्या मधोमध एक खळगा. बाजार उठल्यावर तो लिंबाखाली उताणा पडायचा तेव्हा गल्लीतली पोरं त्या खळग्यात बोरं ठेवून खायची. तो म्हणायचा, "खा बेटा, पण बिया मले नका ठेवू." अंगठा मागं वळवून मनगटाला लावायचा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं मनगटाला वेढा घातला की करंगळी अंगठ्यावर चढून पुढं जायची. अंगठा आत घेऊन मूठ आवळली की अंगठ्याचं टोक पलीकडून बाहेर डोकावायचं. नजर अधू होती. काही नीट पाहायचं असलं की मान कावळ्यासारखी तिरपी करायचा.

गावानं या सगळ्याचा अर्थ काय काढला? ऐका. शेतकरी म्हणायचे, आजानुबाहू आहे, प्रभू रामाचे हात असेच होते. एका जोश्यानं सांगितलं, ही राजलक्षणं आहेत. दर्ग्यापाशी बसणारे म्हणायचे, बाबांची मेहेर आहे. मूठ मिटत नाही, म्हणजे याच्या पोटात कपट राहत नाही, असाही एक शोध लागला होता. पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही बैल घेऊन जायचो, तर बाया लेकरं घेऊन यायच्या. "भाऊ, याच्या डोक्यावर जरा हात ठिवा." उस्मानभाई संकोचानं अर्धा व्हायचा, पण हात ठेवायचा. मला हळूच म्हणायचा, "मी कायचा राजा बे? राजाले शेण तुडवा लागते काय?"

त्याचा बाप चिखलात रुतलेली गाडी ढकलताना एकाएकी खाली बसला तो उठलाच नाही. भर तारुण्यातला थोरला भाऊ बाजारातच पाठीवर हात दाबून कोसळला. दोघंही असेच लांब. गाव काय म्हणालं? नजर लागली. एवढा उंचापुरा माणूस, नजर लागणारच. सांगणाऱ्यांनी सांगितलं, ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि संपलं.

मला चीड याची येते की हीच माणसं बैल घेताना काय काय पाहतात! जबडा उघडून दात पाहतील, शेपटी उचलतील, खूर ठोकतील, कपाळावरचा भोवरा कोणत्या अंगाला फिरतो यावर तासभर भांडतील. आणि एका घरातली दोन माणसं सारख्याच बांध्याची, सारख्याच रीतीनं मेली, तर त्यांना फक्त नजर आठवते.

बैलाच्या बाबतीत उस्मानभाईसारखा चिकट पारखी मी पाहिला नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "याची माय कोठी हाये?" एकदा पोहरादेवीला मानोऱ्याकडच्या एका तांड्याच्या नाईकानं असा गोऱ्हा आणला की बाजार थबकला. पांढराशुभ्र, वशिंड डौलदार, चाल घोड्याची. माझं गिऱ्हाईक रुमाल टाकायला उतावीळ झालं होतं. उस्मानभाईनं मान तिरपी करून गोऱ्ह्याचा मागचा पाय पाहिला आणि विचारलं, "याची माय कोठी हाये?"

नाईक चिडला. "गोऱ्हा घेऊन राह्यला का त्याची माय?"

"माय दाखव. पोरगी पाहाले गेलं तरी माणूस आधी सासू पाह्यते नं?"

भोवतीचे हसले. नाईकही हसला, आणि त्यानं गाडीमागं बांधलेली गाय दाखवली. गाय मागच्या डाव्या पायानं किंचित फरफटत होती. उस्मानभाई माझ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "आज गोऱ्ह्यात दिसत नाई. नांगराले जुंपलं की दिसन." गिऱ्हाईक माझं होतं, सौदा मोडला त्यानं, आणि दलाली बुडाली माझी! मी त्याला आईवरून शिव्या दिल्या. तो म्हणाला, "माय काढतच हाय तर गायीची काढ नं. तिनंच तुयं नुकसान केलं."

पुढं त्याचा एक डोळा अचानक धूसर झाला. मी त्याला अकोल्याला नेलं. तिथं डोळ्यांचे एक डॉक्टर होते, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी डोळा बराच वेळ पाहिला. मग डोळा सोडून त्याच्या हाताकडे पाहत बसले. मला वाटलं, हेही राजलक्षण सांगतात की काय.

"मूठ बांधा," डॉक्टर म्हणाले. उस्मानभाईनं बांधली. अंगठा बाहेर आला. "सदरा काढा." छातीचा खळगा पाहिला. हात पसरायला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फीत लावली, उंचीला लावली, आणि पसरलेले हात उंचीपेक्षा जास्त भरले. मग विचारलं, "वडील कसे वारले?"

उस्मानभाईनं सांगितलं. भावाचंही सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "डोळ्यातलं भिंग ज्या बारीक तंतूंनी जागेवर धरलेलं असतं, ते तुमचे जन्मतःच सैल आहेत. म्हणून भिंग सरकलं. सांधे वाजवीपेक्षा वळतात तेही त्यामुळेच. शरीराला आतून बांधून ठेवणारं सूतच कच्चं आहे. ही एक घराण्यात उतरणारी तक्रार आहे. अशा काही माणसांची काळजातून निघणारी मोठी शीरही कमजोर असते. ओझं उचलू नका, जोर लावू नका. आणि घरात आणखी कोणाचा अंगठा असा बाहेर येतो का, ते पाहा."

"इलाज?"

"माझ्याकडे नाही. सांभाळणं तुमच्या हातात आहे."

परतीच्या प्रवासात तो आपला अंगठाच पाहत बसला. मग आपली मूठ उघडझाप करत म्हणाला, "सखाराम, मी लोकाइच्या गायी पाहत राह्यलो अन् माह्या बापाले नाई पाह्यलं."

त्या दिवसापासून त्याच्या खिशात रेवड्या आल्या. आधी घरच्या दोन्ही पोरींच्या हातात रेवडी दिली: "मूठ बांध, बेटा." दोघींचे अंगठे बोटांखाली दडले. त्या रात्री तो पोटभर जेवला, असं त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. मग नातेवाइकांची लग्नं, बारशी, जिथं लेकरं जमतील तिथं उस्मानभाई उकिडवा बसून रेवड्या वाटू लागला. "मूठ बांध. अजून कस्सून. उघडली तर दुसरा नेईन." लेकरं मूठ आवळायची, तो मान तिरपी करून अंगठा पाहायचा. लोक म्हणायचे, म्हातारपणी मायाळू झाला. म्हातारपण कसलं, चाळिशीही नव्हती त्याची.

त्याची बहीण हलीमाबी मंगरुळातच दिलेली होती. तिच्या मुलींच्या मुठी मिटल्या. मुलगा बशीर तेव्हा अठराएक वर्षांचा होता. उस्मानभाईनं त्याला रेवडी दिली तेव्हा तो हसून म्हणाला, "मामू, मी का लहान हाय?" आणि मूठ आवळून दाखवली. अंगठा पलीकडून बाहेर आला. उस्मानभाईनं तो आपल्या हातानं आत ढकलून पाहिला. तो पुन्हा बाहेर आला.

आणि बशीर पहिलवान होता! म्हणजे गावानं त्याला केला होता. आखाड्याचे वस्ताद होते दाजीबा. अंगानं हडकुळ्या पोराला त्यांनी हातांसाठी उचललं. बशीर लांबूनच समोरच्याचा पाय पकडायचा. वाकायचा असा की पाठीत हाड नसावं. एका कुस्तीत त्याचा खांदा निखळला. त्यानं उभ्याउभ्या झटका देऊन बसवला आणि पुन्हा भिडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो खेळच झाला, लोक ओरडायचे, "बशीर, खांदा काढून दाखव!" मी गर्दीत उस्मानभाईशेजारी होतो. सगळे शिट्ट्या मारत होते आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता.

तो दाजीबांकडे गेला. मीही गेलो. अकोल्याची सगळी हकीकत त्यानं हात जोडून सांगितली आणि म्हणाला, "वस्ताद, ही गोष्ट तुमच्यातच ठिवा. पोरींची लग्नं हायेत."

दाजीबा मांडी थोपटत म्हणाले, "अंगठा बाहेर येते म्हणून कुस्ती सोडा लागते? मायं तर पोट बाहेर आलं, मी काय करू?" चेले खिदळले. "उस्मान, तुले डोळ्याच्या डाक्टरनं भेव घातलं. पोट्ट्याले देवानं हात देले. उरुसाले दूरचा मल्ल येऊन राह्यला. चांदीचं कडं आपल्या गावात राहीन."

माझा संयम तिथं संपला. "देवानं हात दिले तर आज्याचं मरणही दिलं असन त्याच्यासंगं! तुमी म्हशीचं पारडू घेता तर चार पिढ्या इचारता, अन् हा पोट्टा काय तुमच्या कड्याचा खुंटा हाये?" मी पुढं बरंच बोललो, ते इथं छापता येणार नाही. त्यांनी आम्हाला हाकलून दिलं. बशीर स्वतःच मामाला म्हणाला, "मामू, तुमाले माही वाहवा देखवत नाई."

हलीमाबी मुलाला अडवू शकली असती. ती रडली, पण म्हणाली, "भाईजान, गावाले कारण काय सांगू? खून खराब हाये म्हणू? मंग माह्या पोरी कोण करन?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी बाजारातला माणूस. वळू खोटा निघाल्याची हूल उठली की अख्खी दावण पडून राहते, मग बाकीची जनावरं कितीही निकोप असोत. मुलींच्या मुठी मिटत होत्या, पण मूठ पाहायला कोण थांबणार होतं?

उरुसाचा दिवस. आखाड्याभोवती माणूस दाटलेला, झाडांवर पोरं. दूरचा मल्ल मांड्या थोपटत उभा, म्हशीसारखा रुंद. बशीर माती अंगाला लावत होता. सकाळपासून पाठीत कळ येते असं तो कोणाला तरी म्हणाला होता. ते उस्मानभाईच्या कानावर गेलं.

हलगी वाजली आणि उस्मानभाई गर्दी फाडून आखाड्यात उतरला. जोडे काढून, अदबीनं. दाजीबा ओरडले, "ए लंब्या, बाहेर हो!" त्यानं ऐकलं नाही. बशीरपाशी गेला, त्याचा उजवा हात धरला आणि खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला.

हलगी थांबली. गुरांच्या बाजाराचं गाव आहे आमचं. रुमाल पडला की काय चाललंय हे शेंबड्या पोरालाही कळतं.

रुमाल बराच वेळ हलत राहिला. बशीरचं तोंड आधी रागानं लाल झालं, मग उतरलं. शेवटी रुमालाखाली एक मोठी हालचाल झाली. बाजारातल्या माणसानं ओळखलं: मूठ दिली, सौदा पटला. उस्मानभाईनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला मातीतून बाहेर नेलं.

मग जो गलका उठला! "विकला! पोट्टा विकला!" कोणी चपला फेकल्या. दूरच्या मल्लानं न लढता कडं घालून घेतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत गावाला सौद्याचा आकडाही ठाऊक झाला होता. प्रत्येकाचा आकडा वेगळा, पण प्रत्येकाची खात्री पक्की.

रुमालाखाली काय झालं ते बशीरनं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. उस्मानभाईनं पहिला आकडा दाबला: आजा मेला तेव्हाचं त्याचं वय. मग दुसरा: थोरला मामा मेला तेव्हाचं वय. मग स्वतःचं चालू वय. मग बशीरची मूठ त्यानं मिटवली, पलीकडून बाहेर निघालेला अंगठा चिमटीत धरला, आणि आपला हात सैल सोडला. आमच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, आता तू बोल. बशीर सांगताना म्हणाला, "भाऊ, मी हात काढून घ्याले गेलो. मंग त्याइनं तेच तीन आकडे अजून एकदा दाबले. मी मूठ देऊन टाकली."

एवढाच सौदा होता तो.

उस्मानभाईचा धंदा बसला. भाच्याला विकणाऱ्या दलालाच्या रुमालाखाली कोण हात घालणार? ज्या बाया लेकरं घेऊन यायच्या त्या पदर सावरून दुरून जाऊ लागल्या. ज्याची मूठ मिटत नाही म्हणून पोटात कपट नाही असं म्हणायचे, त्याचीच मूठ मिटत नाही म्हणून पैसा खातो असं म्हणू लागले. मी चारचौघांत तोंड उघडायला गेलो की तो माझ्या दंडाला धरायचा. "पोरींची लग्नं होऊ दे. मले चोर म्हणून राह्यले नं? म्हनू दे. चोराच्या भाचीले नवरा भेटते, बिमारीच्या घरच्या पोरीले नाई भेटत."

मी म्हणायचो, "अन् तुया नावाचं काय?"

तो म्हणायचा, "नाव लंबं थोडंच हाये माह्यासारखं."

वर्षाच्या आत तो गेला. बाजारात, बापासारखा, भावासारखा. पाठीत कोणी सुरी फिरवल्यासारखं होतं म्हणाला आणि गाडीच्या चाकाला टेकून बसला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गावाला आता तरी कळायला हवं होतं. गाव म्हणालं, पापाचा पैसा पचला नाही.

आणि बशीर जिवंत आहे. बैलांच्या साजाचं दुकान टाकून बसला आहे. घुंगरमाळा, गोंडे, कासरे विकतो. गोणी दुसऱ्याकडून उचलून घेतो. आजा ज्या वयात गेला ते वय अजून पुढं आहे, म्हणून मीही जपून बोलतो. पण लोक त्याच्याकडे बोट दाखवतात: पाहा, धडधाकट बसलाय, कुठं काय झालं? इथंच माझं रक्त उकळतं. तो मातीत मेला असता तर उस्मानभाई खरा ठरला असता. तो वाचला, म्हणून उस्मानभाई खोटा. अशा गावाशी घासाघीस करायची तरी कशी? माझं सगळं आयुष्य भाव पाडण्यात आणि चढवण्यात गेलं, पण या एका बाबतीत मला अजून गिऱ्हाईक पटवता आलेलं नाही.

तो गेला त्या बाजाराला मी नव्हतो. त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या बाजारच्या दिवशी, दिवस कलताना. सकाळपासून एकही सौदा त्याच्याकडे आला नव्हता. लिंबाखाली तो एकटा उभा होता, आणि मी दाजीबांच्या एका चेल्याशी भांडून, घसा बसवून, तिथं आलो होतो. त्यानं माझा हात धरला आणि वर रुमाल टाकला.

"आता कायचा सौदा?" मी खेकसलो.

रुमालाखाली माझ्या तळहातात काहीतरी खरखरीत आलं. रेवडी होती.

"मूठ बांध," तो म्हणाला. "कस्सून."

मी बांधली. त्या लांब, थंड बोटांनी माझ्या मुठीवरून सावकाश हात फिरवला, अंगठा शोधला, तो आत दडलेला लागला तेव्हा दोनदा थोपटला.

"मिटते तुई," उस्मानभाई समाधानानं म्हणाला. "लय जगशीन, सखाराम. भांडत राह्यजो."

रुमाल झटकून त्यानं खांद्यावर टाकला आणि मान तिरपी करून, वाट न्याहाळत, परतणाऱ्या बैलांमधून निघाला. बराच वेळ शिंगांच्या वर त्याची टोपी दिसत होती.